दहा गुंठे आणि पिस्कॅटवे

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ‘आम्ही पिस्कॅटवेला घर बघतोय’ हे वाक्य अनेकदा कानावर येतं. शाळा कुठली, हायवे किती जवळ, टॅक्स किती, एवढं विचारून झालं की गप्पा संपतात. पण ज्या मातीचा तुकडा घ्यायला आपण तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो, तिची गोष्ट विचारायची राहूनच जाते, आणि ती गोष्ट फार रंगतदार आहे. मिडलसेक्स काउंटीतलं हे ‘टाउनशिप’ जेमतेम ४९ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६०,८०४ होती. एवढ्याशा जागेत बुडालेलं बंदर आहे, मजुरांनी वसवलेली शाळा आहे, रंगीबेरंगी लष्करी छावणी आहे आणि जमिनीचे साडेतीनशे वर्षांचे व्यवहार आहेत. सही करण्याआधी हे सगळं जरूर वाचा.

नावच मुळी सोबत आणलेलं

पिस्कॅटवे हे नाव या मातीतलं नाही. ते आलं उत्तरेकडून, न्यू हॅम्पशर आणि मेन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या पिस्कॅटाक्वा नदीवरून. तिकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी नव्या वस्तीला आपल्या जुन्या मुलखाचं नाव दिलं. बंगल्याच्या फाटकावर गावाकडच्या ग्रामदेवतेचं नाव कोरणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथं माणसं अगदी पहिल्यापासून आपलं गाव खांद्यावर घेऊनच आली.

पहिला व्यवहार

साल १६६६. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी. त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरला इथल्या जमिनीचा एक मोठा हिस्सा न्यू हॅम्पशरकडच्या चौघा जणांच्या नावे झाला: ह्यू डन, होपवेल हल, जॉन मार्टिन आणि चार्ल्स गिलमन. ज्यांनी त्यांना तो दिला, त्यांनी स्वतः ही जमीन त्याच महिन्यात घेतली होती. म्हणजे घेतली आणि लगेच पुढं दिली, हा प्रकार इथं साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. या सगळ्यांच्या आधी मात्र ही भूमी लेनापे लोकांची होती. रॅरिटन नदीच्या काठच्या त्यांच्या पाऊलवाटा गोऱ्यांच्या कागदांच्या कितीतरी आधीच्या. हे आठवणीत ठेवणं हे इथं घर घेणाऱ्या प्रत्येकाचं देणं आहे.

मूळ गाव शेजारणीकडे

पिस्कॅटवेचं मूळ गावठाण बघायचं असेल तर पिस्कॅटवेच्या बाहेर जावं लागतं! एकेकाळी हे टाउनशिप आजच्यापेक्षा खूप मोठं होतं. भाऊ वेगळे निघावेत तशी त्यातून गावं निघत गेली: १८८७ मध्ये डनेलन, १९१३ मध्ये मिडलसेक्स, १९२६ मध्ये साउथ प्लेनफिल्ड. १८७० मध्ये वेगळ्या झालेल्या रॅरिटन टाउनशिपनं १९५४ मध्ये थॉमस अल्वा एडिसन यांच्या गौरवार्थ स्वतःचं नाव ‘एडिसन’ करून घेतलं. जुनं ‘पिस्कॅटवेटाउन’ या वाटणीत एडिसनकडे गेलं आणि आजही ते तिथंच आहे. एडिसनमध्ये भाजी आणि पिस्कॅटवेत घर असा संसार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत.

हुज्जत घालणारं गाव

टाउनशिपच्या एका भागाचं जुनं नाव आहे ‘क्विबलटाउन’. क्विबल म्हणजे बारीकसारीक मुद्द्यावर घातलेली हुज्जत, तेव्हा मराठीत ‘हुज्जतवाडी’ म्हणता येईल. वाद होता देवाच्या वाराचा. प्रार्थनेचा पवित्र दिवस शनिवार की रविवार? बॅप्टिस्टांचा एक गट शनिवारवर ठाम, दुसरा रविवारवर. आपल्याकडे एकादशी स्मार्त की भागवत यावर जसे दोन पक्ष पडतात, तसंच काहीसं. १७७७ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातली एक चकमकही याच क्विबलटाउनजवळ झाली. पुढं नाव बदलून ‘न्यू मार्केट’ झालं. जुनं नाव एका मिडल स्कूलनं अजून जपलंय.

गाडलं गेलेलं बंदर

समुद्रापासून आत, रॅरिटन नदीच्या काठी, जिथपर्यंत मालाची गलबतं चढू शकत तिथं अठराव्या शतकात ‘रॅरिटन लँडिंग’ नावाचं भरभराटीचं बंदर होतं. आतल्या शेतांतलं धान्य इथं उतरायचं आणि गलबतांतून न्यूयॉर्ककडे निघायचं. कोर्नेलियस लो या व्यापाऱ्यानं १७४१ मध्ये टेकाडावर बांधलेला दगडी वाडा अजून उभा आहे आणि आता तिथं काउंटीचं संग्रहालय आहे. बंदर मात्र ओसरलं, वखारी मातीखाली गेल्या. पुरातत्त्वाच्या उत्खननांतून त्यांचे पाये पुन्हा सापडले. वर आज जॉन्सन पार्कची हिरवळ पसरलेली आहे. दाभोळ, चौल या बंदरांचं वैभव पुस्तकात वाचलेल्या माणसानं एका रविवारी या हिरवळीवर नक्की चालून यावं.

व्यापाऱ्यानं घर टेकाडावर का बांधलं, याचं उत्तर नदी आजही देते. सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीला ‘आयडा’ वादळाच्या पावसानं रॅरिटनचा काठ बुडवला होता. म्हणून एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा: मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्यानं आणि भाड्यानं देणाऱ्यानंही पुराची माहिती आधी उघड करणं कायद्यानं बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका.

शंभरला घेतली, दीडशेला दिली

आता या गावातली सर्वांत सुंदर गोष्ट. तिथं जरा थांबू.

फ्रान्सिस्को फेरर या स्पॅनिश शिक्षणसुधारकाला १९०९ मध्ये बार्सिलोनात गोळ्या घालून मारण्यात आलं. छडी, भीती आणि पोपटपंची यांच्याशिवाय मूल शिकू शकतं, असं मानणारा हा माणूस. त्याच्या विचारानं भारलेल्या लोकांनी १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक ‘मॉडर्न स्कूल’ काढलं. पुढं ‘स्टोरी ऑफ फिलॉसॉफी’ लिहून जगप्रसिद्ध झालेले विल ड्युरंट तिथं काही काळ शिक्षक होते. पण शहराच्या कोंदट गल्लीत मुलं फुलणार कशी? झाडं हवीत, माती हवी, मोकळं आकाश हवं. म्हणून १९१५ च्या मे महिन्यात ही शाळा मुलाबाळांसह न्यूयॉर्क सोडून इथं, स्टेल्टन स्टेशनजवळच्या शेतजमिनीवर आली.

पैसे कुठून आणले? युक्ती साधी आणि देखणी होती. शेतजमीन एकरी साधारण १०० डॉलरनं घेतली आणि वसाहतीत राहायला येणाऱ्यांना एकरी १५० डॉलरनं दिली. वरचे पन्नास कुणाच्या खिशात गेले नाहीत, ते शाळेसाठी वापरले गेले. प्रत्येक कुटुंबाचा तुकडा स्वतःच्या मालकीचा आणि शाळा सगळ्यांची. येणारे बहुतेक साधे कामगार होते, त्यांत न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांत राबणारे ज्यू स्थलांतरित खूप. त्यांनी सुटीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी घरं उभी केली. वीज नाही, नळ नाही, पहिले हिवाळे हाडं गोठवणारे. कुणी कोंबड्या पाळल्या, कुणी भाजी लावली, कुणी रोज आगगाडीनं न्यूयॉर्कला जाऊन संध्याकाळी परत आले.

शाळेत हजेरीची सक्ती नव्हती. मुलं विणत, कुंभारकाम करत, छापखान्यात स्वतः खिळे जुळवत आणि स्वतःचं मासिक काढत. वर्ध्यात १९३७ मध्ये गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली, हाताच्या कामातून शिक्षण. तिच्या बावीस वर्षं आधी पिस्कॅटवेच्या चिखलात वेगळ्या वाटेनं निघालेली माणसं त्याच दिशेनं चालत होती.

शाळा १९५३ मध्ये बंद झाली. तिची कागदपत्रं रटगर्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्या भागात आजही ‘स्कूल स्ट्रीट’ आहे, ‘ब्रदरहुड स्ट्रीट’ आहे, ‘जस्टिस स्ट्रीट’ आहे. शाळा, बंधुता, न्याय: अशा पत्त्यांवर आज लोक राहतात. आणि ते स्टेल्टन स्टेशन? आजचं एडिसन स्टेशन तेच. सकाळच्या गाडीची वाट पाहत डबा घेऊन उभ्या असलेल्या मराठी इंजिनिअरच्या पायाखाली शंभर वर्षांपूर्वीच्या शिवणकामगाराची पावलं आहेत.

रंगीबेरंगी छावणी

१९४२ मध्ये याच वसाहतीच्या शेजारी लष्कराची प्रचंड छावणी उभी राहिली, ‘कॅम्प किल्मर’. जवळच्या न्यू ब्रन्सविकमध्ये जन्मलेल्या आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या जॉइस किल्मर या कवीचं नाव तिला मिळालं. युरोपच्या आघाडीवर जाणारे आणि परतणारे मिळून पंचवीस लाखांच्या आसपास सैनिक तिथून गेले. इमारती लपाव्यात म्हणून त्यांना भडक, परस्परविरोधी रंगांचे पट्टे मारलेले होते. डोळ्यांना आकारच कळू नये ही त्यामागची कल्पना! १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला, तेव्हा जीव वाचवून निघालेल्या तीस हजारांहून जास्त निर्वासितांचं अमेरिकेतलं पहिलं छप्पर हीच छावणी होती. आज त्या जमिनीच्या मोठ्या भागावर रटगर्सचं लिव्हिंग्स्टन कॅम्पस आहे. तिथलं पहिलं कॉलेज १९६९ मध्ये उघडलं.

मातीतून निघालेलं औषध

क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये रटगर्समध्ये सापडलं. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या सूक्ष्मजीवांचा शोध चालू होता, त्यातून अल्बर्ट शॅट्झ यांच्या हाती हे औषध आलं. त्याच्या रॉयल्टीच्या पैशांतून उभी राहिलेली वॅक्समन इन्स्टिट्यूट पिस्कॅटवेतल्या बुश कॅम्पसवर आहे. क्षयानं माणसं गमावलेली घरं आपल्याकडे गावोगाव होती. त्या घरांचे या गावाशी असे ऋणानुबंध आहेत.

शेतं गेली, घरं आली

१९५० मध्ये पिस्कॅटवेची वस्ती होती सुमारे दहा हजार. १९७० मध्ये ती छत्तीस हजारांवर गेली. वीस वर्षांत साडेतीन पट! युद्धावरून परतलेल्यांचे संसार, हायवे, कारखाने आणि विद्यापीठ यांनी दुधाची नि भाजीची शेतं गिळली. इथली बरीचशी स्प्लिट-लेव्हल आणि रँच पद्धतीची घरं याच काळातली. म्हणजे ‘जुनं घर’ म्हणून आपण जे बघतो, ते बऱ्याचदा कुणाच्या तरी मक्याच्या शेतात उभं असतं.

गुंठ्यांत मोजा

इथला एजंट एकरात बोलतो. आपण गुंठ्यात विचार करावा, लगेच उमगतं. एक एकर म्हणजे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाव एकराचा प्लॉट म्हणजे दहा गुंठे. पुण्यात दहा गुंठ्यांवर सोसायटी उभी राहते, इथं एक घर, एक मेपल आणि चार खारी.

सातबारा नाही, ब्लॉक-लॉट

आपल्याकडे गट नंबर, इथं ‘ब्लॉक’ आणि ‘लॉट’. न्यू जर्सीत प्रत्येक तुकड्याला हे दोन आकडे असतात आणि टॅक्सच्या नकाशावर ते सापडतात. खरेदीखत म्हणजे ‘डीड’ काउंटी क्लार्ककडे नोंदवलं जातं, पिस्कॅटवेसाठी न्यू ब्रन्सविकला. जमिनीवर जुनं कर्ज, कुणाचा दावा, कुणाचा वहिवाटीचा हक्क आहे का, हे टायटल कंपनी शोधते आणि त्यावर विमा देते. मोजणी करून हद्दीचे खुंट पाहून घ्या. बांधावरून होणारी भांडणं साता समुद्रापारही होतात.

तीन दिवसांची मुभा

न्यू जर्सीतली ही खास सोय आहे. एजंटनं तयार केलेल्या घराच्या करारावर सह्या झाल्या तरी वकिलाला तो तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्या त्यात धरत नाहीत. या काळात तुमचा किंवा समोरच्याचा वकील करार नामंजूर करू शकतो. १९८३ पासून ही पद्धत चालू आहे. आनंदाच्या भरात पहिल्याच दिवशी पेढे वाटू नका, चौथ्या दिवशी वाटा.

तळघर, टाकी आणि अलार्म

घर बघायला गेल्यावर बाई माणसं स्वयंपाकघर बघतात आणि पुरुष गॅरेज, असं म्हणतात. दोघांनी मिळून तळघर बघावं. कोपऱ्यात ‘संप पंप’ असेल तर पाणी येत असण्याची शक्यता आहे. तो चालू आहे का, हे विचारा. जुन्या घरांत तापवण्याच्या तेलाची टाकी जमिनीखाली पुरलेली असू शकते. ती गळत असेल तर माती साफ करायचा खर्च घाम फोडतो, म्हणून टाकीचा शोध आधीच घ्यावा. रेडॉन नावाचा वास नसलेला किरणोत्सारी वायू जमिनीतून तळघरात शिरतो, त्याचीही चाचणी करून घ्या. आणि एक छोटा नियम: घर हातात येण्याआधी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे अलार्म जागेवर असल्याचा दाखला लागतो, शिवाय स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत अग्निशामक असावा लागतो. आपल्या फोडण्यांचा धूर बघता पहिली ओळख या अलार्मशीच होते.

वर्षाला चार हप्ते

न्यू जर्सीचा मालमत्ता कर अमेरिकेत सर्वांत जड समजला जातो. २०२४ मध्ये राज्यातल्या घरांचं सरासरी वार्षिक बिल पहिल्यांदाच १०,००० डॉलरच्या वर गेलं. तो फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार हप्त्यांत भरायचा असतो. त्यातला मोठा वाटा शाळांकडे जातो. कर्जाचा हप्ता कधीतरी संपतो, हा हप्ता संपत नाही. बजेट मांडताना त्याला पहिल्या पंगतीत बसवा.

दोनशे गुंठ्यांचा शेतकरी

काहींना पिस्कॅटवेही शहरी वाटतं आणि मन पश्चिमेला, हंटरडनच्या शेतांकडे ओढ घेतं. तिकडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १९६४ च्या कायद्यानुसार किमान पाच एकर, म्हणजे दोनशे गुंठे जमीन सलग दोन वर्षं खरोखर शेतीखाली असेल आणि पहिल्या पाच एकरांतून वर्षाला किमान १,००० डॉलरचा माल विकला जात असेल, तर त्या जमिनीवर शेतीच्या दरानं कर बसतो. घराखालची जागा त्यात धरत नाहीत. दुसरी गोष्ट पाण्याची. विहिरीचं पाणी असलेलं घर विकताना त्या पाण्याची तपासणी २००२ पासून सक्तीची आहे.

अंगणातले धडे

तुळस इथं पाहुणी असते. ऑक्टोबरच्या मध्यावर दहिवर पडायला लागलं की कुंडी घरात घ्यावी लागते. मे उजाडल्याशिवाय मिरचीचं रोप बाहेर लावायचं धाडस करू नये. कढीलिंबाचं झाड तर घरातल्या लेकरासारखं आत-बाहेर न्यावं लागतं. अळू, दुधी मात्र उन्हाळ्यात असे काही माजतात की शेजारीपाजारी वाटून संपत नाहीत. वाटणीवर पहिला हक्क हरणाचा, दुसरा जमिनीत बिळं करणाऱ्या ग्राउंडहॉगचा. जाळी भक्कम लावा. माती कशी आहे हे कळत नसेल तर रटगर्सची प्रयोगशाळा थोड्या पैशांत तपासून देते. आणि कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करायचा. गॅस, वीज, पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात त्याच्या खुणा ते फुकट करून देतात. भूमिपूजन करा, पण फोननंतर!

गाडीतच बसा

१९४९ पासून न्यू जर्सीत ग्राहकानं स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. असा नियम पाळणारं हे आता अमेरिकेतलं एकमेव राज्य. भर बर्फात काच चार बोटं खाली करून ‘फुल’ सांगताना थेट कोल्हापूरच्या पंपावर असल्यासारखं वाटतं.

आणि आता आपण

२०१० च्या जनगणनेत पिस्कॅटवेतला साधारण प्रत्येक तिसरा माणूस आशियाई वंशाचा होता आणि त्यांत भारतीय ठळक. न्यू जर्सीत मराठी माणसं इतकी रुजली आहेत की ऑगस्ट २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन याच राज्यात, अटलांटिक सिटीला भरलं. गणपतीत मोदकांचे साचे इथल्या घरांत निघतात, संक्रांतीला बर्फ तुडवत हळदीकुंकवाला बायका जातात. हे सगळं आपण सोबत आणलं, आणि आणायलाच हवं होतं. पिस्कॅटाक्वाच्या लोकांनी आपलं नाव आणलं, शिवणकामगारांनी शाळा आणली, हंगेरीच्या निर्वासितांनी नुसता जीव आणला.

फक्त एवढं करा. घराच्या किल्ल्या मिळाल्या की पहिल्या आठवड्यात सामान थोडं बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन जॉन्सन पार्कला जा, लोचा दगडी वाडा दाखवा, येताना स्कूल स्ट्रीटवरून गाडी हळू चालवा. तुमच्या डीडवर ज्यांनी तुम्हाला घर विकलं त्यांचं नाव असतं. त्यांच्या डीडवर त्यांच्या आधीच्यांचं. असं मागं मागं गेलं की ती साखळी डन, हल, मार्टिन आणि गिलमन यांच्यापर्यंत पोचते, आणि त्यांच्याही मागं लेनापेंपर्यंत. दाराला तोरण लावताना या सगळ्यांची आठवण काढा. मुलं विचारतील, ‘आई, आपल्या आधी इथं कोण राहायचं?’ तेव्हा सांगायला तुमच्याकडे एक छान, लांबलचक गोष्ट असेल.